विहिरीचा सुरुंग: आवाज कमी, काम जास्त

आमच्या भागात सुरुंगवाल्याची ख्याती त्याच्या आवाजावर ठरते. 'त्याचा बार उडाला की पार सासवडात ऐकू जातो' ही शिफारस समजली जाते. मी ज्यांच्याकडून यंदा विहीर खोल करून घेतली त्यांचा बार मधल्या वस्तीवरसुद्धा धड ऐकू आला नाही. जाऊबाईंनी फोन करून विचारलं, "लावला का नाही अजून?" लावून झाला होता, आणि तळात इतका खडक सुटून पडला होता की यारीवाल्याला (विहिरीवरच्या क्रेनवाल्याला) उपसता उपसेना. म्हणून हे लिहितेय. पाचापैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

त्यांचं नाव आणि नंबर इथं टाकत नाही, कारण त्यांनीच हात जोडले. उन्हाळ्यात फोन उचलायला सवड नसते म्हणाले. मग या परीक्षणाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग एवढाच, की विहिरीत जाणारा पैसा मोठा असतो, सुरुंगवाला निवडताना नेमकं काय बघायचं ते कुणी सांगत नाही, आणि मी बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली होती. अंजीर आणि सीताफळाच्या बागेत त्या डिग्रीचा उपयोग फवारणीची लेबलं वाचण्यापलीकडे झाला नव्हता. यंदा झाला.

विहीर सासऱ्यांच्या वेळची, सात परस, म्हणजे एकावर एक सात माणसं उभी राहतील एवढी खोल. वर मुरूम, मग मांजऱ्या खडक, आणि खाली काळा फत्तर लागला म्हणून तेव्हा काम थांबवलेलं. आपला हा सगळा कातळ लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात पाणी मुरतं ते दोन थरांच्या सांध्यात, नाहीतर चिरांमधून. म्हणजे विहिरीत सुरुंग लावणाऱ्याचं काम नुसतं दगड फोडण्याचं नाही. तळ फुटला पाहिजे, पण वरचं जुनं बांधकाम हललं नाही पाहिजे, चालू झऱ्याचं तोंड बुजलं नाही पाहिजे, आणि शेजारच्या घराला तडा गेला नाही पाहिजे. खाणीत बार उडवण्यापेक्षा हे काम नाजूक आहे, आणि आपल्याकडे ते सगळ्यात हलगर्जीपणे केलं जातं.

यांच्याआधी एक जण येऊन गेला होता. मोटारसायकलवर, हँडलला पिशवी, पिशवीत माल. परवाना विचारला तर हसला. "वहिनी, तुम्हाला पाणी पाहिजे का कागद?" चहा पाजला आणि वाटेला लावला. आमच्या ह्यांचं म्हणणं, दर निम्मा होता. असेल. निम्म्या दरात पिशवीत काय होतं, कुठल्या साली बनलेलं, कुठल्या उन्हात ठेवलेलं, हे त्या पिशवीलाच ठाऊक.

हे जे दुसरे आले, त्यांचा कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर सकाळी आला, होलं मारून झाली, आणि माल नंतर वेगळ्या गाडीतून आला. तशी परवान्याची गाडी असते, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. बरोबर परवानाधारक शॉटफायरर, म्हणजे बार भरून उडवणारा. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. त्यानं आधी वही काढली: गट नंबर, विहीर कुणाची, किती माल आला, खोक्यावरचा नंबर काय. काम संपल्यावर उरलेला मालही त्याच वहीत मोजून परत गाडीत गेला. एकही कांडी आमच्या शेडमध्ये 'राहू द्या उद्याला' म्हणून ठेवली नाही. स्फोटकांचा कायदा १८८४ पासूनचा आहे, नियम २००८ चे, आणि परवाने देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्याच नागपुरात. तरी विहिरीच्या कडेला वही उघडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पोलीस पाटलांनाही तो आदल्या दिवशी सांगून आला होता.

आता त्या कांडीबद्दल. गावात अजून तिला जिलेटीनच म्हणतात, किंवा टोटा. पण जुनं जिलेटीन म्हणजे नायट्रोग्लिसरीनचं, ते आपल्या देशात २००४ पासून बंद आहे. हल्लीची कांडी इमल्शनची. प्लॅस्टिकच्या आवरणात गच्च भरलेला पांढुरका, मेणचट ऐवज. मला जवळून बघायची होती. दाखवली, हातात दिली नाही. बरोबरच केलं.

सासरे खाटेवरून हे सगळं बघत होते. बहात्तरच्या दुष्काळात ते विहिरींच्या कामावर होते. त्यांनी लगेच विचारलं, "ह्यानं डोकं दुखतं का?" शॉटफायरर पहिल्यांदा हसला. "नाही अण्णा, ते जुन्या मालानं दुखायचं." खरं आहे. जिलेटीनच्या कांड्या दिवसभर हाताळल्या की नायट्रोग्लिसरीन कातडीतून अंगात जायचं, रक्तवाहिन्या सैल व्हायच्या आणि डोकं ठणकायचं. अण्णांना आता छातीत दुखलं तर जिभेखाली धरायची गोळी दिलेली आहे, ती त्याच नायट्रेटांच्या कुळातली. ती घेतली की तेच डोकं तसंच दुखतं, आणि ते म्हणतात, "आला बघ टोटा." १८४७ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं नायट्रोग्लिसरीन पहिल्यांदा बनवलं आणि चव घेऊन बघितली, तेव्हा त्याचंही डोकं असंच धरलं होतं. ज्या नोबेलनं पुढे त्या द्रवाचं डायनामाइट केलं, त्यालाही म्हातारपणी हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी हेच औषध सांगितलं होतं.

कांडीत काय असतं ते समजून घेतलं की सुरुंगवाल्याचं निम्मं काम डोळ्यांनी तपासता येतं, म्हणून थोडं सांगते. जळण म्हणजे इंधनाचा ऑक्सिजनशी संयोग. चुलीत लाकूड जळतं ते हवेतला ऑक्सिजन पोचेल त्या चालीनं. फुंकणीनं फुंकलं की जोरात, राखेखाली दबलं की हळू. स्फोटक हवेची वाट बघत नाही, ऑक्सिजन बरोबर घेऊनच बसलेलं असतं. बंदुकीच्या काळ्या दारूत तो सोऱ्यातून, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमधून येतो आणि कोळसा, गंधक जळतात. पण कितीही बारीक कुटलं तरी सोऱ्याचा कण वेगळा आणि कोळशाचा कण वेगळा. इमल्शनमध्ये अमोनियम नायट्रेटच्या दाट द्रावणाचे थेंब तेलात पसरलेले असतात, आणि एकेक थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका. प्रत्येक थेंबाभोवती तेलाचा पातळ पापुद्रा. म्हणजे ऑक्सिजन आणि इंधन जवळजवळ अंगाला अंग लावून. आणि नायट्रोग्लिसरीन किंवा टीएनटीत तर दोन्ही एकाच रेणूत. या दोघांतलं अंतर जसजसं कमी, तसतसा वेग जास्त. मला तरी सगळ्या स्फोटकांचा इतिहास म्हणजे हे अंतर मिटवत आणण्याचा इतिहास वाटतो.

ताकद कशात आहे, याबद्दल मात्र सगळ्यांचाच गैरसमज असतो. लोकांना वाटतं कांडीत प्रचंड ऊर्जा कोंडलेली असते. किलोभर टीएनटीत हजार किलोकॅलरी धरतात, आणि किलोभर साजूक तुपात नऊ हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्या फडताळातला तुपाचा डबा टीएनटीच्या नऊपट भारी. फरक इतकाच की तूप ती ऊर्जा महिनाभर पंगतीला पुरवत बसतं, आणि कांडी तीच गोष्ट सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आत उरकते. घन किंवा द्रव पदार्थाचा एका झटक्यात दोन-तीन हजार अंश तापलेला वायू होतो. थंड करून मोजला तर किलोमागे हजार लिटरच्या आसपास भरेल इतका. तो सगळा हाताच्या पंजात मावेल एवढ्या जागेत जन्मतो. ऊर्जा निघते त्यातला मोठा हिस्सा नायट्रोजनमुळे. नायट्रोजनच्या दोन अणूंना एकमेकांशी तिहेरी बंध जोडून निवांत राहायला आवडतं. नायट्रेटमध्ये ते इतरांबरोबर अडकून पडलेले असतात; सुटले की जोडी जमवतात आणि जाता जाता उष्णता टाकून जातात. हवेत चार पंचमांश नायट्रोजन असून तो कशात भाग घेत नाही, त्याचं कारणही हाच बंध.

जळणं आणि स्फोट यातली रेघही इथंच आहे. काळी दारू जळते. भरभर जळते, पण उष्णता एका थरातून दुसऱ्या थरात जाते आणि तो पेटतो, अशीच. इमल्शनमध्ये उष्णता जात नाही, दाबाची लाट जाते. सेकंदाला चार-पाच किलोमीटर वेगानं. लाट पुढच्या थराला इतकी दाबते की तो दाबानंच तापून फुटतो आणि लाटेला आणखी ढकलतो. यासाठी इमल्शनमध्ये मुद्दाम बारीक बुडबुडे नाहीतर काचेचे पोकळ गोळे सोडलेले असतात. लाट आली की बुडबुडा चिरडतो, आतला वायू एका बिंदूत तापतो, आणि तिथून ठिणगी पडल्यासारखी सुरुवात होते. हेच बुडबुडे जुन्या, नीट न ठेवलेल्या मालात निघून जातात आणि कांडी अर्धवट उडते किंवा नुसतीच बसून राहते. मोटारसायकलवरच्या पिशवीचा माझा आक्षेप कायद्यापेक्षा या बुडबुड्यांसाठी जास्त होता.

खंडाळ्याच्या बोगद्यांतून जाताना माझ्या मनात हमखास येतं. भोर घाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि नोबेलच्या डायनामाइटचं पेटंट १८६७ चं. म्हणजे तो सगळा काळा पाषाण छिन्नी, हातोडा आणि नुसत्या काळ्या दारूवर फोडलेला. त्यात माणसं किती खपली असतील याची कल्पना विहिरीच्या तळात उतरून एकदा पहार मारली की येते.

असो. आमच्या विहिरीत होलं मारताच तळातून पाणी झिरपायला लागलं. ह्यांना काळजी, आता दारू भिजणार. नुसत्या अमोनियम नायट्रेटची भिजलीच असती. ते पाण्यात चटकन विरघळतं आणि विरघळताना उष्णता ओढून घेतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याचा बीकर बाहेरून गार पडून घाम धरायचा, ते मला लख्ख आठवतं. इमल्शनमध्ये मात्र प्रत्येक थेंबावर तेलाचं आवरण, त्यामुळे पाण्यात बुडूनही बिघडत नाही. पाण्याच्या विहिरीला हाच माल योग्य. त्यांनी पाणी बघून तो आणला, असं नाही, त्यांच्याकडे तोच होता. पण तुमच्याकडे येणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा.

होलं भरल्यावर वरच्या भागात त्यांनी दगडाची बारीक खडी आणि माती ठासली. या कामाला त्यांनी जेवढा वेळ दिला तेवढा भरायलाही दिला नाही. हाताखालचा पोरगा घाई करत होता, त्याला दोनदा उकरायला लावलं. इथंच आवाजाचं गुपित आहे. होलाचं तोंड नीट बंद नसेल तर वायू सरळ वर पळतो. मोठा आवाज होतो, दगड बांधापलीकडे उडतात, लोक वाहवा करतात, आणि तळाचा खडक जागचा हलत नाही. तोंड पक्कं असेल तर वायूला चिरांत घुसण्यावाचून वाट नसते. आधी लाट खडकातून जाते, मोकळ्या बाजूवर आपटून उलट फिरते आणि परतताना खडकाला ताणते. दगड दाबाला पहिलवान असला तरी ताणाला कच्चा, साधारण दहापट कच्चा. तो चिरतो. मग मागून वायू येतो आणि चिरेला पाचर मारतो. जो आवाज सासवडात ऐकू जातो तो तुमच्या पैशाचा वायू असतो, हवेत गेलेला.

दुसरं म्हणजे सगळी होलं एकदम उडवायची नाहीत. मधली आधी, मग भोवतालची, मध्ये मिलिसेकंदांचं अंतर. मधला खडक निघाला की बाजूच्याला सरकायला जागा मिळते, आणि जमिनीला बसणारा हादराही वाटला जातो. कानाला ते एकच वाटत नाही. धप, धप, धप असं लांबलेलं येतं, पायाखाली आधी आणि कानात नंतर. शेजारच्या घराची भिंत तीस-चाळीस वर्षांची, मातीतली. कामाआधी शॉटफायररनं त्या भिंतीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते आणि शेजारच्या काकींना दाखवलेही होते. नंतर पुन्हा जाऊन बघितलं. नवा तडा नव्हता. काकी म्हणाल्या, जुना तडाच आता मला नवा वाटायला लागलाय.

जोडणीला वायर नव्हती, प्लॅस्टिकच्या रंगीत नळ्या होत्या. नळीच्या आत स्फोटकाचा अगदी पुसट लेप असतो. त्यातून धक्का सेकंदाला दोन किलोमीटरच्या वेगानं धावतो आणि होलातल्या केपेपर्यंत, म्हणजे कांडी उडवणाऱ्या डिटोनेटरपर्यंत पोचतो. नळी मात्र शाबूत राहते, नुसती आतून काळवंडते. पूर्वीच्या विजेच्या केपा एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे बंद झाल्या. विजेच्या तारांखाली, वळवाच्या गडगडाटात त्या कधी दगा देतील सांगता येत नसे. नळ्यांची गोष्ट त्या मानानं सुरक्षित, तरी एका दुपारी पलीकडच्या डोंगरावर ढग जमायला लागले आणि त्यांनी काम जिथल्या तिथं थांबवून सगळ्यांना लांब नेलं. यारीवाल्याचा दिवस फुकट गेला, ह्यांची चिडचिड झाली, "एक थेंब तरी पडलाय का?" पडला नाही. पण वीज पडायला थेंब लागत नाही, आणि नळी असो की वायर, भरलेल्या होलांजवळ वीज नको म्हणजे नको.

बार झाल्यावर मी काय बघत होते, तर धूर. पांढरट होता. त्यात बहुतेक वाफ. इमल्शनमध्ये पाणी असतंच, शिवाय तेलातल्या हायड्रोजनचंही पाणी होतं. हिशोब बरोबर असेल तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजनचं पाणी आणि नायट्रोजनचा नायट्रोजन एवढंच उरायला हवं. ऑक्सिजन कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड. जास्त झाला, किंवा माल भिजून अर्धवट उडाला, तर नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड तांबूस-तपकिरी दिसतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये बैरूतच्या बंदरात अमोनियम नायट्रेटचा साठा उडाला, तेव्हाचा तो विटकरी ढग सगळ्यांनी पाहिला. तो रंग याचाच. मागच्या साली ओढ्यापलीकडच्या एका विहिरीवर, दुसऱ्याच कुणाच्या बारानंतर, असाच पिवळा-तांबूस धूर मी बांधावरून पाहिला होता. लोक म्हणत होते, दारू कडक आहे. कडक नव्हती, बिघडलेली होती.

पण डोळ्यांना दिसणारा वायू परवडला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि विहीर म्हणजे एकाच तोंडाचा खड्डा. तिथं वारा फिरकत नाही. बार झाला की 'बघू तरी किती निघालं' म्हणून शिडीवरून उतरणारी माणसं याच वायूनं जातात, आणि त्यांना काढायला उतरणारे त्यांच्या मागोमाग. यांनी कॉम्प्रेसरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा मारली, बराच वेळ मारली. तोवर कठड्याजवळही कुणाला येऊ दिलं नाही. आमच्या पुतण्याला तर चांगलंच दटावलं. मग शॉटफायरर एकटा, कमरेला दोर बांधून उतरला. प्रत्येक होल तपासलं, कुठली कांडी न उडता राहिलीय का बघितलं, नळ्यांचे तुकडे गोळा करून वर आणले. पोरांना त्या रंगीत नळ्या फार आवडतात, म्हणून एकही मागे ठेवली नाही. त्यानं वर येऊन मान हलवल्यावरच यारी हलली. जुन्या होलाच्या बुडात नवं होल मारायचं नाही हे यारीच्या पोरांनाही त्यानं पुन्हा सांगितलं. बुडात चिमूटभर माल राहिलेला असू शकतो.

आता तारा का कापला ते. एक, फोन. आगाऊ रक्कम घेईपर्यंत दर तासाला फोन, घेतल्यावर नुसती रिंग. ठरल्या तारखेला आले नाहीत, कळवलंही नाही. दुसरं, मोटरचा पाइप. कठड्यालगतचा आमचा पीव्हीसी पाइप पहिल्या बारात चिरला. काढून ठेवा असं आधी कुणी सांगितलं नव्हतं. विचारल्यावर 'तो आधीच तडकलेला असणार' हे उत्तर मिळालं. काकींच्या भिंतीचे फोटो काढणाऱ्यांनी आमच्या पाइपाचाही एक काढला असता तर भांडण मिटलं असतं. शेवटी पाइपाचे अर्धे पैसे कापून घेतले, तेही मी हिशोबाला बसले तेव्हा. तिसरं, सुटलेला खडक उपसणं त्यांच्या कामात धरलेलं नाही, यारी वेगळी बघावी लागते, आणि हे बोलणी करताना ओघात सांगतात, ठळक नाही. बिल मात्र पक्कं दिलं.

दर बाकीच्यांपेक्षा सव्वापटीच्या आसपास पडला. होल मारायचा फुटावर वेगळा आणि मालाचा वेगळा, असा हिशोब. फरक डोळ्यांत भरतो, पण बाराची संख्या कमी लागली हे धरा. आमच्या ह्यांनी कागदावर मांडून बघितलं आणि मग त्या मोटारसायकलवाल्याचं नाव काढणं सोडलं.

पाणी लागलं का, हे सगळेच विचारतात. पाणी लागणं न लागणं सुरुंगवाल्याच्या हातात नसतं, त्यामुळे तारे देताना ते धरू नका. आमच्या विहिरीत ईशान्येच्या कोपऱ्यात काळ्या फत्तराखाली लाल मातीचा पट्टा लागला. दोन लाव्हांच्या मधला सांधा. तिथून बोटभर धार सुरू झाली आणि जुना झरा आहे तसा वाहतोय. अंजिराला पुरेल, सीताफळाचं पावसावर बघू. पण ती लाल पट्टी दिसली तेव्हा शॉटफायररनं पुढचा बार हलका करायला सांगितला आणि त्या बाजूची दोन होलं भरलीच नाहीत. माल खपवायचा असता तर भरली असती.

घ्यायची असेल तर ही सेवा जरूर घ्या, फक्त आगाऊ रक्कम कमी द्या आणि तारीख कागदावर लिहून घ्या. मोटर, पाइप, केबल, सगळं आधीच वर काढून ठेवा. आणि यारीवाला त्याच आठवड्याचा ठरवा, कारण यांचं काम झालं की तळ मोकळा करायची जबाबदारी तुमची. आमच्याकडे अजून चार खेपा व्हायच्या आहेत, आणि यारीवाला म्हणतोय लेकाच्या लग्नानंतर येतो.